सातव्या अर्थाचं कार्ड

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळीच प्रकाशकांचा फोन. कोश महिनाअखेर छापायला गेलाच पाहिजे, म्हणाले. "मास्तर, बाराशे क्रियापदं सरळ केलीत, आणि या एकाशी चार महिने कसले अडून बसलात?"

हे एक म्हणजे ‘पुट ऑफ’. इंग्रजी क्रियापदाला अशी शेपटी लागली की ते आपल्या मूळ अर्थाला ओळखसुद्धा दाखवत नाही. ‘पुट’ म्हणजे ठेवणं, एवढं पोरंटोरंही सांगतील. पण ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं, वाटेत उतरवणं, दिवा घालवणं आणि आणखी काय काय. एकूण सात अर्थ. असल्या शेपटीवाल्या क्रियापदांचा मराठी कोश करण्यात मी आणि हिने बावीस वर्षं घातली. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, ही त्याच शाळेचं ग्रंथालय सांभाळायची. अर्थ मी लावायचे, उदाहरणं हिने जमवायची, आणि लाल शाईने शेरा मी मारायचा, अशी वाटणी.

हिला जाऊन चार महिने झाले. तेव्हापासून ‘पी’ अक्षराच्या कार्डांचा खण मी उघडलेला नाही. आजपासून रोजच्या कामाची नोंद ठेवायची असं ठरवलं आहे. निदान माझी टंगळमंगळ मला तरी दिसेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

खण उघडला. रबरबँड लावलेली सात कार्डं. हिचं बारीक, उभं अक्षर. वर इंग्रजी, खाली मराठी. इथे मराठीच उतरवतो.

कोशाचा नियम लिहून ठेवायला हवा, कारण तो माझा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. मनाने रचलेलं वाक्य चालणार नाही. ‘राजा शिकारीला गेला’ मी वर्गात तीस वर्षं शिकवलं. तो राजा अजून परत आलेला नाही. म्हणून उदाहरण घ्यायचं ते कुणीतरी खरोखर बोललेलं. कार्डाच्या पाठीवर तीन गोष्टी: कोण म्हणालं, कुणाला, कधी. पहिली काही वर्षं मी पाठीही तपासायचो. पुढे सोडून दिलं. हिच्या कामात खोट कधी निघाली नाही, मग उगीच वेळ कशाला घालवायचा?

कार्डांचा नाद असा लागला होता की घरही त्यावरच चालायचं. दूध संपलं, नळवाला येऊन गेला, मुलीचा फोन येऊन गेला, सगळं ही कार्डावर लिहून माझ्या टेबलावर ठेवायची. मीच सांगितलं होतं. काम चाललेलं असताना तोंडी काही सांगितलेलं माझ्या डोक्यात शिरत नाही.

पहिला अर्थ, पुढे ढकलणे: ‘डॉक्टरकडे जाणं मी महिनाभर पुढे ढकललं आहे.’ त्यावर माझा लाल शेरा: ‘ठीक. मात्र कोशात ‘मी’ शोभत नाही. ‘ती’ करा. पुढेही तसंच.’ हिने ‘मी’ खोडून ‘ती’ केलं आहे. शेरा बरोबर होता असं आजही वाटतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

टेबलावरचा दिवा काल आणि आज, दोन्ही दिवशी आपोआप गेला. ही मागची खोली अंधारी, दिवसाही दिवा लागतो. चहा घ्यायला मी बाहेर जातो आणि परत येतो तर अंधार. बटण खाली. वायरमनला बोलावलं. त्याने सगळं उघडून पाहिलं आणि म्हणाला, "बटणात काही नाही. बटण आपण होऊन खाली येत नसतं, मास्तर."

एवढं मलाही कळतं.

९ फेब्रुवारी, रविवार

मुलीचा फोन. दर रविवारी दहाला येतो, घड्याळ लावून घ्यावं. नात पालथी पडायला लागली आहे. मी हिचा मोठा केलेला फोटो पाठवला होता, तो मिळाला का विचारलं.

"मिळाला. लावला नाही अजून."

"खिळा नाही का?"

"खिळा आहे, बाबा. मनात नाही."

नंतर नेहमीचं सुरू झालं. "सहा महिने अंगात गाठ घेऊन फिरली आणि आपल्याला पत्ता लागू दिला नाही. माझ्या बाळंतपणात हसत हसत राबली. मी काय परकी होते? मला राग येतो तिचा. गेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात, पण येतो. तुम्हालाही नव्हतं ना सांगितलं काही?"

"नाही गं. तिचा स्वभावच तसा. मनाचा थांग लागू द्यायची नाही."

हे मी दवाखान्यात डॉक्टरांना सांगितलं, व्याह्यांना सांगितलं, भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. इतक्या उशिरा कसे आलात, असं ज्याने त्याने विचारलं आणि मी ज्याला त्याला हेच सांगितलं. खोटं बोलायची मला सवय नाही.

फोन ठेवल्यावर बसवेना. हिची खुर्ची टेबलाच्या पलीकडे आहे. तिच्याकडे पाठ येईल अशी माझी खुर्ची फिरवून घेतली. मग पाठीमागून कुणीतरी बघतंय असं वाटत राहिलं. पुन्हा होती तशी करून घेतली.

१० फेब्रुवारी, सोमवार

चार कार्डं तपासली.

दुसरा अर्थ, वाटेत उतरवणे: ‘कंडक्टरनं म्हातारबाबांना मधल्याच थांब्यावर उतरवलं.’ शेरा: ‘उत्तम.’

तिसरा, दिवा घालवणे: ‘जाताना दिवा घालवा.’ शेरा: ‘उत्तम. रोजचं वाक्य.’

चौथा, मन उडवणे: ‘औषधाच्या वासानं तिची अन्नावरची वासना उडाली.’ शेरा: ‘छान.’

पाचवा, लक्ष विचलित करणे: ‘तिच्या खोकल्यानं त्याचं लक्ष उडतं.’ शेरा: ‘खोकल्याऐवजी रेडिओ करा. जास्त स्वाभाविक.’

गेल्या उन्हाळ्यात ही खोकत असे. जुन्या कार्डांच्या धुळीने असेल, असं मी म्हटलं होतं. दोन दिवस तोंडाला फडकं बांधून काम करत होती. ते ध्यान बघून मी हसलोही होतो.

कार्डावर ‘खोकला’च आहे. हिने माझा शेरा मानला नाही, असं पहिल्यांदाच झालेलं दिसतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सहावा अर्थ, कचरायला लावणे: ‘ऑपरेशनच्या नुसत्या नावानं कचरून जाऊ नका.’ शेरा नाही. बहुधा वाचायचं राहून गेलं.

सातवा अर्थ माझा आवडता. दारात आलेल्या माणसाचं म्हणणं ऐकून न घेता, काहीतरी गोड सबब सांगून त्याला वाटेला लावणे. मराठीत याला ‘बोळवण करणे’ इतका नेमका शब्द आहे की मी तो शोधला त्या दिवशी हिला हाक मारून सांगितला होता. या कार्डावर उदाहरण नाही. हिने एवढंच लिहिलं आहे: ‘उदाहरण: यांना विचारणे.’

मला काय विचारायचं? असली वाक्यं चौकाचौकात मिळतात. हिला दहा मिळाली असती.

१२ फेब्रुवारी, बुधवार

उदाहरण शोधायला सरकारी कचेरीत जाऊन बसलो. बोळवण ऐकायची तर तिचं माहेर तेच. अर्ध्या तासात काम झालं. काठी टेकत आलेल्या एका गृहस्थांना कारकून म्हणाला, "साहेब आत्ताच जेवायला गेलेत, उद्या या." तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. गृहस्थ म्हणाले, "कालही जेवायलाच गेले होते." कारकून म्हणाला, "रोज जेवतात ते." मला हसू आवरेना.

घरी येऊन नवं कार्ड केलं: ‘कारकुनानं त्यांची उद्या या सांगून बोळवण केली.’ पाठीवर कारकून, गृहस्थ, तारीख. हिचं कोरं कार्ड परत खणात ठेवलं. सातही कार्डं पाकिटात घालून जुळणीवाल्या बाईंकडे पाठवली. कोशाची सगळी पानं त्यांनीच टाइप केली आहेत. चार महिन्यांचं ओझं उतरलं. आज छान झोप लागायला हवी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

झोप लागत नाही. टेबलावर काम उरलेलं नाही, तरी दिवा लावून बसतो. दिवा जातच असतो.

आज दुपारी कामाच्या बाई फरशी पुसत होत्या. त्यांना सरळ विचारलं, "तुम्ही या खोलीतला दिवा बंद करता का?"

त्या म्हणाल्या, "मी कशाला हात लावू? तुम्हीच घालवता की."

"मी?"

"उठलात की घालवता. आणि जाता जाता बोलतापण."

"काय बोलतो?"

बाई फडकं पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, "‘घालवतो गं’ म्हणता. मला वाटलं, असू दे. माझा सासराही असाच बोलायचा, सासू गेल्यावर."

त्यांना चहा ठेवायला सांगितला आणि इथेच बसून राहिलो. मी उत्तर देतो, म्हणजे मला काहीतरी ऐकू येत असणार. ते मात्र मला आठवत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जुळणीवाल्या बाई स्वतः आल्या. एरवी माणूस पाठवतात. पाकीट हातात दिलं, बसल्या नाहीत.

"पानं झाली, मास्तर. समोरचं सगळं टाइप केलंय. मागचं नाही केलं."

"मागचं कधीच नसतं करायचं. तो आपला घरचा हिशेब."

"माहीत आहे. पण कार्ड उलटलं आणि डोळा गेला. माफ करा." दारापर्यंत जाऊन पुन्हा वळल्या. "तुम्ही वाचलंय ना ते?"

मी म्हटलं, "हो हो, वाचलंय."

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज वाचणार होतो. चष्म्याची काडी सैल झाली होती, ती घट्ट करून आणण्यात सकाळ गेली. दुपारी डोकं दुखत होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज पाहुणे आले.

कोणी आलं नव्हतं. खोटंच लिहिलं. स्वतःच्या वहीत खोटं लिहायची वेळ आली, म्हणजे कमाल झाली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी अंघोळ करून बसलो आणि कार्डं पालथी केली. जसंच्या तसं उतरवतो.

पहिलं: ‘मी. यांना, खोलीच्या दारात. ९ एप्रिल. कार्डावर लिही म्हणाले, म्हणून लिहिलं.’

दुसरं: ‘कंडक्टर, एका आजोबांना. २२ एप्रिल. तपासणीला जाताना. एकटीच होते, आजोबांना हात द्यायला मीही उतरले. पुढची बस मिळाली नाही.’

तिसरं: ‘मी. यांना. रोज.’

चौथं: ‘मी. स्वतःशी. १८ मे.’

पाचवं: ‘मी. यांना. ३ जून. शेरा वाचला. खोकला माझा आहे. रेडिओ आपल्याकडे नाही.’

सहावं: ‘डॉक्टरीणबाई, मला. २० जून. मुलीला सांगू का, असं यांना विचारलं. आधी तिचं बाळंतपण होऊ दे, मग बघू, म्हणाले.’

खणातल्या हिच्या सातव्या कार्डाच्या पाठीवर पट्टीने तीन ओळी आखल्या आहेत. कोण, कुणाला, कधी. तिन्ही रिकाम्या.

९ एप्रिल मला आठवतं. आजपर्यंत आठवत नव्हतं असं मी लिहिलं तर तेही कालच्या पाहुण्यांसारखंच होईल. ही दारात उभी होती, ओले हात पदराला पुसत. म्हणाली, "अहो, एक सांगायचं होतं." मी ‘मेक आउट’च्या चौथ्या अर्थात अडकलो होतो. मान वर न करता म्हटलं, "काय ते कार्डावर लिहून ठेव, संध्याकाळी बघतो." संध्याकाळी कार्ड बघितलंही. शेराही मारला.

आणि जूनमधलं ते वाक्य माझंच आहे. बाळंतपण होऊ दे, मग बघू. कशाबद्दल विचारते आहे हे मी विचारलंच नव्हतं. मला वाटलं, घराला रंग द्यायचं म्हणते आहे.

बावीस वर्षं मी हिला बजावत आलो की कार्डावर खरं बोललेलंच लिहायचं. हिने तेच केलं. वाचणारा मी, आणि मी बघत बसलो सर्वनामं.

तिने सांगितलं होतं. आणि चार महिने मी गावभर सांगत फिरतो आहे की तिने सांगितलं नाही. ती आता उलटून बोलणार नाही, एवढ्या एका गोष्टीवर माझं सगळं चाललं होतं. माझी मुलगी तिच्या आईचा फोटो भिंतीला लावत नाही, ते माझ्यामुळे.

मला भीती वाटते. हिची नाही. रविवारची.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कारकुनाचं वाक्य चांगलं आहे. नियमात बसतं, हसू येतं, पान टाइपही झालं आहे. कोश असाच गेला तर कुणाचं काही बिघडणार नाही. मुलीला मी एकटाच उरलो आहे. तिच्या हातून तेही काढून घ्यायचं का? नात मोठी झाल्यावर सांगता येईल. थोडं स्थिर होऊ दे, मग बघू.

हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

हिने सातव्या कार्डावर ‘यांना विचारणे’ असं लिहिलं, त्यात टोमणा असेल असं मला काल वाटत होतं. आज वाटत नाही. टोमणे मारायची हिची पद्धत नव्हती. बोळवण कोणी केली हे हिला माहीत होतं. पण ते वाक्य तोपर्यंत कुणी बोललेलं नव्हतं. न बोललेलं वाक्य ही कार्डावर कशी लिहील?

२३ फेब्रुवारी, रविवार

दहाला फोन वाजला. नातीने हुंकार भरला, मग मुलगी बोलायला लागली. लस दिली, ताप आला होता, उतरला. मी म्हटलं, "बाळाला खाली ठेव आणि बस. एक सांगायचं होतं."

"बसले. काय झालं? तब्येत बरी आहे ना तुमची?"

"आई मला सांगायला आली होती. मी तिची बोळवण केली."

तिला कळलं नाही. कळलं नसावं असं मला क्षणभर वाटलं. मग तिने विचारलं, "कधी?"

"नऊ एप्रिलला. पहिल्यांदा."

"पहिल्यांदा म्हणजे?"

"जूनमध्ये पुन्हा. तुला सांगू का, असं विचारलं तिने. मी म्हटलं, बाळंतपण होऊ दे."

"म्हणजे ती मला सांगणार होती?"

"हो."

"आणि तुम्ही मला म्हणालात, तिचा स्वभावच तसा."

"म्हणालो."

"दवाखान्यात, तिच्या खाटेशी उभे राहून म्हणालात. ती जागी होती, बाबा. तिने ऐकलं असेल."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ही जागी होती. माझ्याकडे बघत होती आणि काही बोलली नव्हती. मी ‘हो’ म्हणालो की नाही, आठवत नाही. तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

हिचं कार्ड घेतलं, कोरं. पुढच्या बाजूला ‘यांना विचारणे’च्या खाली लिहिलं: ‘ती सांगायला आली होती, मी तिची बोळवण केली.’ पाठीवरच्या तीन ओळी भरल्या: ‘मी. मुलीला. २३ फेब्रुवारी.’

जुळणीवाल्या बाईंना फोन करून कारकून काढायला सांगितला आणि नवं वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी उतरवून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "मास्तर, कोशात ‘मी’ चालेल? तुम्ही सगळीकडे काढून टाकला होतात."

"इथे राहू दे," मी म्हटलं. "आणि पहिल्या अर्थातला ‘ती’ काढा. तिथे ‘मी’च होतं."

सातही कार्डांच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून मुलीला पाठवले. तिचा फोन नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पानं प्रकाशकांकडे गेली. ते खूश आहेत. बावीस वर्षांचं काम संपलं, पेढे कधी देता, असं विचारत होते.

सकाळी मुलीचा निरोप आला होता. चारच वाक्यं. ‘आईची कार्डं मला पाठवा. नक्कल नको, मूळ हवीत. लाल शाई पुसू नका. फोटो लावला आहे.’ माझ्याबद्दल एक अक्षर नाही. पुढच्या रविवारी फोन येईल असं वाटत नाही. त्याच्या पुढच्याही.

कार्डं पुठ्ठ्यात घालून बांधली. बांधण्यापूर्वी सातही एकदा मोठ्याने वाचली. समोरची बाजू, मग पाठ. मोठ्याने वाचताना कळतं की अक्षराला आवाज असतो. तिसरं, दिव्याचं, वाचताना थांबलो, पुन्हा वाचलं.

चहाची वेळ झाली म्हणून उठलो. दाराशी आल्यावर आज मुद्दाम उभा राहिलो, कान देऊन. स्वयंपाकघरात बाई भांडी लावत होत्या, बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. ते सगळं ऐकू येत होतं. आणखी काही ऐकू आलं नाही.

हात बटणाकडे गेला नाही. चहा घेतला, पार्सल देऊन आलो, कोपऱ्यापर्यंत चालून आलो. तासाभराने परत आलो तेव्हा दिवा चालूच होता.